जीर्णोद्धार : कोणाची भिंत, कोणाचे ऋण?



तीर्थक्षेत्री आल्यावर आपली दृष्टी प्रथम कळसाकडे जाते आणि मग गाभाऱ्यातील देवाकडे. देवालयाला चोहोबाजूंनी कवेत घेणाऱ्या प्राकाराच्या भिंतीकडे सहसा कोणी पाहत नाही. दर्शनाच्या रांगेत थकलेला यात्रेकरू तिला पाठ टेकतो, दुपारच्या उन्हात म्हातारी माणसे तिच्या सावलीला बसतात, आणि तेवढ्यानेच तिचे काम संपले असे आपण समजतो. ती फुगली, खचली, तिचा एखादा दगड निखळून पडला, की मगच ती आपल्याला दिसू लागते. मग विश्वस्तांपुढे, ग्रामस्थांपुढे आणि देणगीदारांपुढे एक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो बांधकामाचा प्रश्न आहे. खोलात गेले तर तो धर्माचा आहे.

ही भिंत पूर्वजांनी बांधली. ती पुन्हा उभारायची तर कशी उभारायची? काही जण म्हणतात, ‘‘वाडवडिलांनी जशी बांधली तशीच ठेवा, एक चिराही हलवू नका.’’ दुसरे म्हणतात, ‘‘आता दिवस चांगले आले आहेत, देवाच्या कृपेने पैशाला तोटा नाही. जुने पाडा आणि दिमाखदार नवे बांधा.’’ दोन्ही पक्ष भक्तीनेच बोलत असतात. म्हणूनच या प्रश्नाचा विचार घाईने करता येत नाही.

भिंत कोणाची?

प्रथम हे ठरवले पाहिजे की भिंत आहे कोणाची. ती पूर्वजांची म्हणावी, तर ते आज नाहीत. आणि त्यांनी ती स्वतःसाठी बांधलीही नव्हती. ती आपली म्हणावी, तर आपण तिचा एकही दगड घडवलेला नाही. आपल्या देशाच्या कायद्यानेही या बाबतीत मोठी मार्मिक भूमिका घेतली आहे. प्रतिष्ठापित देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून देवस्थानची मालमत्ता त्या देवतेची असते. विश्वस्त हे केवळ व्यवस्था पाहणारे. आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार देवस्थानची जमीन विकायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, ती याच भावनेतून.

आपल्या शास्त्रांनी हीच गोष्ट ऋणाच्या भाषेत सांगितली आहे. मनुष्य जन्माला येतो तो देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन. ऋण फेडणे म्हणजे घेतलेली वस्तू जशीच्या तशी परत करणे नव्हे, कारण पूर्वजांना परत काय करणार? पितृऋण फेडले जाते ते पुढच्या पिढीला देऊन. मागच्यांकडून आलेले पुढच्यांच्या हाती सुस्थितीत सोपवणे, हाच त्या फेडीचा मार्ग. नवे देवालय बांधण्यापेक्षा जीर्ण झालेल्याचा उद्धार करण्याचे पुण्य आठपट आहे, असे परंपरा मानते. याचे कारणही सूक्ष्म आहे. नवे बांधणाऱ्याला कर्तेपणाचा आनंद मिळतो. जीर्णोद्धार करणाऱ्याला दुसऱ्याने आरंभलेल्या कामात आपले श्रम मिसळावे लागतात. त्याला अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो.

भिंती सोडून गेलेले पूर्वज

पूर्वजांविषयी बोलताना आपण असे गृहीत धरतो की त्यांना भिंतींचा मोह होता. इतिहास वेगळे सांगतो. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज अंमलाखाली देवालये पाडली जाऊ लागली, तेव्हा तेथील भाविकांनी भिंती सोडल्या आणि देव वाचवले. १५६० मध्ये कुशस्थळीचा श्रीमंगेश खाडीपार प्रियोळला नेण्यात आला. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळे येथे आली. रात्रीच्या अंधारात होडीतून पलीकडे गेलेल्या त्या कुटुंबांजवळ ना चिरा होता, ना कळस. त्यांनी आधी साध्या छपराखाली पूजा सुरू केली. आज आपण पाहतो ती भव्य देवालये नंतरच्या पिढ्यांनी, बहुतांशी अठराव्या शतकात, उभारली.

कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या श्रीसप्तकोटेश्वराची कथाही अशीच. दिवाडी बेटावरचे त्याचे देवालय उद्ध्वस्त झाले. लिंग काही काळ विहिरीच्या कामी लावले गेले होते, असे सांगतात. भाविकांनी ते सोडवून नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूस नार्वे येथे आणले. पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. त्या वास्तूचेही कालांतराने जतन करावे लागले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा भाविकांना खुली झाली.

या कथांचा अर्थ असा की पूर्वजांनीच आपल्याला एक क्रम घालून दिला आहे : आधी देव, मग पूजा, मग भिंत. जी पिढी भिंतीसाठी देवाला विसरते ती पूर्वजांचे अनुकरण करीत नाही. परंतु येथेच थांबता येत नाही. भिंती सोडून गेलेल्यांनी स्थिर होताच पुन्हा भिंती बांधल्या. उघड्यावरची पूजा आपत्काळात चालते. परंपरा टिकायची तर तिला आसरा लागतो, जत्रेला पटांगण लागते, वाटसरूला ओवरी लागते. भिंत गौण आहे, पण निरर्थक नाही.

अहिल्यादेवींचा आदर्श

जीर्णोद्धार म्हटले की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. १७६७ ते १७९५ या कारकिर्दीत महेश्वरी बसून त्यांनी काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशा दूरदूरच्या क्षेत्रांत देवालये, घाट, धर्मशाळा, विहिरी उभारल्या. त्यांतील बहुतेक स्थळे त्यांच्या राज्यात नव्हती. तेथून त्यांना महसूल मिळणार नव्हता. या कार्यासाठी त्यांनी आपल्या खासगीतील उत्पन्न खर्ची घातले, ही गोष्ट देणगीदारांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे.

सोमनाथला त्यांनी केलेली योजना तर मननीय आहे. मूळ देवालय भग्न झाले होते. १७८३ मध्ये त्यांनी जुन्या जागेचा हट्ट न धरता भग्नावशेषांपासून थोड्या अंतरावर लहानसे देवालय बांधले आणि शिवलिंगाची स्थापना भूमीखालच्या गाभाऱ्यात केली. पूर्वजांच्या वैभवाची बरोबरी करणे शक्य नाही, हे जाणून त्यांनी पूजेचा खंडित धागा तेवढा जोडून दिला.

पुढे स्वातंत्र्यानंतर सोमनाथचाच प्रश्न पुन्हा आला. भग्न वास्तू प्राचीन अवशेष म्हणून जपावी असे एक मत होते. लोकांना पुन्हा नांदते देवालय हवे, असे दुसरे. सरदार पटेल व कन्हैयालाल मुनशी यांनी दुसऱ्या मताचा पुरस्कार केला. जुने अवशेष उतरवण्यात आले, प्रभाशंकर सोमपुरा यांनी पारंपरिक शैलीत नव्या देवालयाची आखणी केली, आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्रतिष्ठा झाली. आजही तेथे जाणारा यात्रेकरू नव्या देवालयाबरोबर अहिल्यादेवींच्या देवालयातही दर्शन घेतो. एकाच क्षेत्रात जीर्णोद्धाराची ही दोन उत्तरे शेजारी-शेजारी उभी आहेत. जेथे थोडीफार वास्तू शिल्लक आहे तेथे उतरवण्याची घाई करू नये, कारण एकदा उतरवलेला दगड त्याच हाताने पुन्हा बसत नाही. हे मात्र दोन्ही उत्तरे मान्य करणाऱ्यालाही पटावे.

कोणता थर पूर्वजांचा?

‘पूर्वजांनी बांधले तसेच’ हे म्हणणे सोपे आहे. पण कोणत्या पूर्वजांनी? जुन्या देवालयाची एकच भिंत अनेक शतकांची असते. पाया यादवकाळचा, वरचे काम पेशवाईतले, त्यावर चुन्याचा गिलावा, गिलाव्यावर तैलरंग, आणि आपल्या आठवणीत बसवलेल्या चकचकीत फरश्या. यांतला प्रत्येक थर कोणीतरी श्रद्धेनेच चढवला.

पंढरपुरात २०२४ मध्ये याचे उत्तम उदाहरण पाहावयास मिळाले. श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचे काम सुरू झाले तेव्हा पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद ठेवून गाभाऱ्यातील अलीकडच्या काळात बसवलेला संगमरवर व ग्रॅनाइट काढण्यात आला. आतून मूळ काळा पाषाण प्रकटला. त्याच काळात, मे महिन्यात, हनुमान दरवाजाजवळ एक लहान तळघर आढळले व त्यातून जुन्या मूर्ती बाहेर आल्या. ज्यांनी संगमरवर बसवला त्यांचा भाव खोटा नव्हता. देवाला आपल्याजवळचे उत्तम द्यावे एवढेच त्यांच्या मनात असणार. तरीही त्या दानाने आधीच्यांचे दान झाकले गेले. आपले देणे दुसऱ्याच्या देण्यावर झाकण घालीत नाही ना, हा विचार प्रत्येक दात्याने करावा, असे ही घटना सुचवते.

याला व्यवहाराचीही बाजू आहे. जुन्या कारागिरांनी दगडात दगड अडकवून, वा गूळ, बेलफळ, हिरडा घालून घाणीत मळलेल्या चुन्यात भिंती बांधल्या. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. त्याच भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले किंवा तिच्यावर तैलरंग दिला, की ओल आतच कोंडते आणि दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. भक्तीने केलेली दुरुस्ती अज्ञानाने केली तर तीच भिंतीच्या मुळावर येते. म्हणून जाणकाराला विचारणे हाही भक्तीचाच भाग समजला पाहिजे.

मग सारेच दगड बदलावे लागले, तर ती पूर्वजांची भिंत राहते काय? येथे श्रीक्षेत्र जगन्नाथपुरीची रीत आठवते. तेथे काष्ठमूर्ती ठरावीक वर्षांनी बदलल्या जातात. असा ‘नवकलेवर’ उत्सव यापूर्वी १९९६ मध्ये व त्यानंतर २०१५ मध्ये झाला. जुन्या देहातील गुप्त ब्रह्मपदार्थ नव्या देहात ठेवला जातो आणि जगन्नाथ तोच राहतो. आगमशास्त्रातही जीर्णोद्धारापूर्वी देवतेचे तेज कलशात आवाहन करून काम पूर्ण होईपर्यंत बालालयात पूजण्याचा विधी आहे. द्रव्य बदलले तरी हेतू आणि पूजा अखंड राहिली, तर वस्तू तीच राहते. उलट प्रत्येक चिरा जुना असूनही हेतू सुटला, तर ती भिंत उरते, पूर्वज उरत नाहीत.

मंगळवेढ्याची भिंत

पण पूर्वजांचा प्रत्येक हेतू पुढे न्यावा असा असतो काय? हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि त्याचे उत्तर टाळून कोणताही जीर्णोद्धार पुरा होत नाही.

पंढरपुराजवळच्या मंगळवेढ्यात शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ मध्ये गावकुसाचे काम निघाले होते. गावासाठी राबणाऱ्यांत संत चोखामेळा होते. गावाचे कूस बांधायचे, पण स्वतः मात्र त्याच्या बाहेर राहायचे, हा त्यांच्या ज्ञातीचा त्या काळचा भोग होता. काम चालू असताना ती भिंत कोसळली आणि चोखोबांसह अनेक मजूर तिच्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की संत नामदेव तेथे गेले आणि ज्या अस्थींमधून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या. त्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधण्यात आली. आजही आपण नामदेव पायरीचे दर्शन घेतो तेव्हा चोखोबांसमोर नतमस्तक होतो.

जरा थांबून विचार करावा. नामदेवांनी मलब्यातून अस्थी वेचल्या. गावाने भिंत पुन्हा उभारली की नाही, ती किती उंच होती, याची आज कोणाला आठवण नाही. तिच्याखाली गेलेला माणूस मात्र पावणेसातशे वर्षांहून अधिक काळ वारकऱ्यांच्या मुखी आहे. आपण ज्यांना पूर्वज म्हणतो त्यांत भिंत बांधवून घेणारे जसे आहेत, तसेच ती बांधताना गाडले गेलेलेही आहेत. पहिल्यांची नावे शिलालेखांत आहेत, दुसऱ्यांची बहुधा नाहीत. ऋण मात्र दोघांचेही आहे, आणि न्यायाने पाहिले तर दुसऱ्यांचे अधिक, कारण त्यांना श्रमाचे मोल मिळाले नाही आणि बांधलेल्या देवालयात प्रवेशही मिळाला नाही.

चोखोबांची समाधी दाराबाहेर झाली आणि त्यांच्या बांधवांसाठी ते दार पुढे सहाशे वर्षे बंदच राहिले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि विठ्ठलमंदिर सर्वांसाठी खुले झाले. त्या दिवशी एकही दगड बदलला नव्हता. भिंत तीच, महाद्वार तेच, पायरी तीच. तरीही त्या देवालयाचा तो एक मोठा जीर्णोद्धार होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जीर्ण झाली होती ती माणसांची वागणूक, आणि उद्धार झाला तो तिचा. वाडवडिलांचा प्रत्येक निर्णय जपणे हा पितृऋण फेडण्याचा मार्ग असता, तर साने गुरुजी पूर्वजद्रोही ठरले असते. वास्तविक त्यांनी पूर्वजांचे थकलेले देणे चुकते केले. बाप कर्ज ठेवून गेला तर मुलगा ते नाकारीत नाही, फेडतो. त्यातच बापाचा मान आहे.

दगडावरचे नाव

देणगीदारांच्या मनात येणारा एक प्रश्न येथेच घेणे उचित होईल. ‘‘भिंतीसाठी देणगी दिली तर नावाची पाटी लागेल ना?’’ असे अनेक भाविक संकोचाने विचारतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आई-वडिलांचे नाव देवाच्या दारी राहावे, ही इच्छा जुनी आहे आणि गोड आहे.

पंढरपूरच्या मंदिरात सोळखांबीत ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ आहे. यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातला, १२७३ ते १२७७ या वर्षांतला. देवालयासाठी कोणी किती द्रव्य दिले याची ती नोंद आहे. त्यात राजा आहे, हेमाद्री पंडित आहेत, आणि इतर अनेक दाते आहेत. पुढे लोक त्यातील अक्षरे वाचेनासे झाले आणि या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रुजली. पिढ्यान्पिढ्या भाविकांनी पाठी घासल्या आणि दात्यांची अक्षरे झिजत गेली. याहून चांगले भाग्य दानाला कोणते लाभणार? नाव पुसट झाले, पण त्या दगडाने असंख्य अनोळखी माणसांना धीर दिला. आपण नाव कोरावे, जरूर कोरावे. मात्र ते झिजेल आणि झिजावे, हे मनाशी धरूनच कोरावे. आणि जेथे दात्यांची नावे लिहू तेथे एक ओळ पाथरवट, गवंडी, चुना मळणारे व पाटी वाहणारे यांच्यासाठी राखावी.

आपल्या वाट्याचे काम

या साऱ्या विवेचनातून जीर्णोद्धाराची जी दृष्टी हाती येते ती अशी. पूर्वजांनी जे चांगले केले ते ओळखून जपावे. त्यासाठी पैशाइतकाच अभ्यास आणि धीर लागतो. जेथे नवे घालणे भाग आहे तेथे ते विनयाने घालावे, आधीच्यांचे झाकू नये, आणि नंतरच्यांना काढता येईल असे ठेवावे. पूर्वजांच्या हातून जे अन्याय झाले ते दगडाबरोबर पुन्हा रचू नयेत. प्राकाराची भिंत वाऱ्यापावसापासून आणि पडझडीपासून देवालयाचे रक्षण करण्यासाठी असते. माणसाला माणसापासून तोडणे हे तिचे काम नव्हे.

आपणही कोणाचे तरी पूर्वज होणार आहोत. आज आपण बसवलेला चिरा शे-दोनशे वर्षांनी कोणीतरी हलवून पाहील. तेव्हा त्याला आतील चुना खरा मिळावा, मजुराची मजुरी चुकती केल्याची नोंद मिळावी, आणि दाराचा उंबरा सर्वांच्या पावलांनी सारखाच झिजलेला दिसावा. त्याने आपले सारे काही जसेच्या तसे ठेवावे अशी अपेक्षा आपण करू नये. आपल्या चुका त्याने दुरुस्त कराव्यात आणि आपल्याला आपले म्हणावे, एवढीच देवाजवळ प्रार्थना असावी.

दर्शन घेऊन परत जाताना आपण क्षणभर या भिंतीपाशी थांबावे, तिच्यावर हात ठेवावा आणि ज्यांनी ती बांधविली त्यांच्याबरोबरच ज्यांनी ती बांधली त्यांचेही स्मरण करावे. तेवढ्यानेही जीर्णोद्धाराच्या कार्यात आपला सहभाग झाला असे आम्ही समजू.

॥ शुभं भवतु ॥